४७० अंशांची सफाई

अमेरिकेतल्या मराठी घरांत दिवाळी जवळ आली की ओव्हनला उसंत नसते. न्यू जर्सीच्या थंडीत पोहे वाळवण्याजोगं ऊन मिळत नाही, म्हणून चिवड्याचे पोहे ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्येच कुरकुरीत केले जातात. नानकटाई आणि भाजलेल्या चकल्या त्यांच्या पाठोपाठ येतात. फराळाला हात घालण्याआधी ओव्हन लख्ख हवा आणि पॅनेलवर ‘सेल्फ क्लीन’चं बटण समोरच असतं. ते दाबलं की दार आपोआप कुलूपबंद होतं. त्यानंतर तासा-दोन तासांनी दुरुस्तीवाल्याला फोन येतो. पॅनेलला हात लाववत नाही, जळका वास सुटलाय, पडद्यावर एक अक्षर आणि आकडा लुकलुकतोय आणि दार काही उघडत नाही.

या धंद्यात असल्यामुळे माझा एक आग्रह आहे. ‘ओव्हन फार तापला’ या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात. एकीत ओव्हनची पेटी आतून मर्यादेपलीकडे गेलेली असते. दुसरीत आतलं तापमान ठरल्याप्रमाणेच असतं, पण ती उष्णता जिथे जायला नको तिथे पोहोचलेली असते. पहिला दोष नियंत्रणाचा, दुसरा उष्णता अडवण्याचा आणि बाहेर काढण्याचा. हे न ओळखता सुटे भाग बदलत राहिलं की ग्राहकाचे पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो.

मुळात या ओव्हनने तापावं हेच अपेक्षित आहे. बोहदान हुर्को या अभियंत्याने जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ही ‘सेल्फ क्लीन’ची रचना विकसित केली. कंपनीने १९६३ मध्ये असा ओव्हन बाजारात आणला आणि पेटंट १९६४ मध्ये मिळालं. रोजच्या भाजण्यासाठी अमेरिकी ओव्हन जास्तीत जास्त २९० सेल्सिअसच्या आसपास जातो. सफाईच्या वेळी तो ४७०पर्यंत चढतो, काही युरोपीय ओव्हन तर ५००पर्यंत. त्या तापमानाला तूप, साखर, सांडलेला रस यांचं विघटन होऊन शेवटी चिमूटभर राख उरते. आतल्या भिंतींवरचा एनॅमलचा थर कारखान्यात सुमारे ८०० अंशांना भाजलेला असतो, म्हणून तो टिकतो. दार कुलूपबंद ठेवण्याचं कारणही साधं आहे. आत प्राणवायू कमी असतो. अशा वेळी दार उघडून हवेचा लोट आत गेला तर धुमसणारी चरबी भडकेल. तापमान साधारण ३०० अंशांच्या खाली उतरल्याशिवाय कुलूप सुटत नाही ते त्यासाठीच.

आता तपासणीकडे. मी सर्वांत आधी हत्याराला हात न लावता एकच प्रश्न विचारतो: रोजचं भाजणं कसं होतं? बिस्किटं नेहमीच्या वेळात, नेहमीच्या रंगाची होतात का?

हा प्रश्न वाटतो त्याहून फार मोलाचा आहे. ओव्हनचं तापमान मोजतो तो मागच्या भिंतीतून आत डोकावणारा पेन्सिलीएवढा सेन्सर. त्यात प्लॅटिनम असतं. तापलं की प्लॅटिनमचा विद्युतरोध ठरावीक गतीने वाढतो, आणि ह्यू कॅलेंडर यांनी १८८० च्या दशकात या गुणधर्मावर भरवशाचा तापमापक उभा केला. आजच्या बहुतेक घरगुती ओव्हनमधला सेन्सर खोलीच्या तापमानाला सुमारे १०८० ते १०९० ओहम दाखवतो. सफाईच्या तापमानाला तोच आकडा २६००च्या पुढे जातो. रोध खऱ्यापेक्षा कमी भरला, तर ओव्हन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला तो थंड वाटतो आणि बोर्ड हीटर चालूच ठेवतो. शंभर ओहमची तूट म्हणजे जवळपास ३० अंश जास्त उष्णता. पण हीच तूट १८० अंशांवरही जवळपास तेवढाच फरक पाडते. म्हणजे सेन्सर बिघडला असेल तर नानकटाई आधीच करपायला लागलेली असते. भाजणं नीट होत असेल तर संशयाची सुई सेन्सरवरून बाजूला वळते.

याला एक अपवाद आहे. सेन्सरकडे जाणाऱ्या तारेचं वेष्टन कधीकधी फक्त प्रचंड उष्णतेतच दगा देतं. थंड असताना मल्टिमीटर सगळं ठीक दाखवतो. म्हणून रोध नुसता सेन्सरपाशी मोजून भागत नाही. वीज तोडून, बोर्डाकडचा जोड सुटा करून तिथूनही मोजावा लागतो. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तार पाहायची. शिवाय सेन्सर आणि ओव्हनचा धातूचा सांगाडा यांच्यात जोडणी दिसता कामा नये. आणि सेन्सर मागे सरकून भिंतीतल्या उष्णतारोधक लोकरीत शिरला असेल, तर त्याला पेटीतली उष्णता पुरती लागतच नाही.

सेन्सर निर्दोष ठरला, तरीही पेटी आतून अति तापली, तर पुढचा संशयित रिले. बोर्डावरचा हा छोटा स्विच दोन-तीन हजार वॅटच्या हीटरचा प्रवाह चालू-बंद करतो. ठिणग्यांनी त्याचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटले की बोर्डाने ‘थांब’ म्हटलं तरी हीटर थांबत नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या कित्येक जुन्या ओव्हनमध्ये अशा वेळी ‘एफ२’ उमटतो, फ्रिजिडेअरमध्ये ‘एफ१०’. दोन्हींचा अर्थ तापमान हाताबाहेर गेलं असा, पण कारण शोधावंच लागतं.

अमेरिकेत आणखी एक धोका आहे. तिथल्या ओव्हनला २४० व्होल्ट मिळतात ते दोन जिवंत तारांमधून. काही रचनांत रिले त्यातली एकच तार तोडतो. हीटरचं कवच फुटून आतली तार धातूला टेकली, तर दुसऱ्या तारेतून प्रवाह वाहतच राहतो. पॅनेलवर ‘बंद’ दिसतं आणि आत हीटर फुलबाजीसारखा जळत पुढे सरकतो. अशा वेळी एकच उपाय: घराच्या वीजपेटीतला ओव्हनचा ब्रेकर खाली पाडायचा, दार मात्र उघडायचं नाही. हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

प्रत्यक्षात मात्र बहुतेक वेळा दुसरीच तक्रार असते. भिंतीत बसवलेल्या ओव्हनमध्ये बोर्ड पेटीच्या नेमका वर असतो, आणि त्याचा जीव वाचतो तो भोवतीची हवा खेचणाऱ्या पंख्यामुळे. एका घरात सफाई चालू असताना थर्मल फ्यूज उडाला होता. आधीच्या दुरुस्तीत तो बदलला गेला, पुढच्याच सफाईत पुन्हा उडाला. ओव्हन कपाटातून पुढे ओढल्यावर उलगडा झाला. पंख्याच्या पात्यांवर चिकट तेलाचा आणि धुळीचा थर बसून तो जेमतेम फिरत होता, आणि कपाट करणाऱ्याने हवा जायची फट फळीने बुजवली होती. पंखा बदलला, फट मोकळी केली, मगच नवा फ्यूज बसवला.

फ्यूजच्या बाबतीत तडजोड नाही. ठरावीक तापमानाला तो कायमचा तुटतो, कारण त्याने तुटावं म्हणूनच तो तिथे असतो. तारेचा तुकडा जोडून त्याला वगळणारे मी पाहिले आहेत. तसं केल्यावर ओव्हन चालतो खरा, पण पुढच्या वेळी बोर्ड, कपाट आणि भिंत यांच्या आड येणारं काहीच उरत नाही.

दाराच्या कडेने फिरणारी काचतंतूंची दोरी हाही दुर्लक्षित भाग. ती चपटी झाली किंवा फाटली की गरम हवा थेट पॅनेलवर आणि कुलपाच्या मोटरवर येते. पुष्कळ घरांत ती घासणीने आणि ओव्हन क्लीनरने घासली जाते, आणि तिथेच तिचा नाश होतो. ती घासायची नसते. काही ओव्हनमध्ये तिच्यात मुद्दाम ठेवलेली फट असते, तीही बुजवायची नाही.

सफाई सुरू करण्याआधी करायच्या गोष्टी मोजक्या आहेत, पण त्या टाळल्या की निरोगी ओव्हनही अति तापतो. तळाशी साचलेलं तूप हे इंधनच आहे. ते पेटलं तर बोर्डाने हीटर बंद करूनही तापमान चढतं. म्हणून आधी कागदाने पुसून घ्यायचं. जाळ्या बाहेर काढायच्या, नाहीतर त्यांची चकाकी जाते. तळाशी अंथरलेला ॲल्युमिनियमचा कागद काढायचा. नॉनस्टिक भांडं आत विसरलं तर त्याच्या धुराने घरातला पाळीव पक्षी मरू शकतो. पक्ष्यांची फुप्फुसं त्या बाबतीत फार नाजूक असतात. खिडकी उघडी ठेवायची, आणि चार तास घराबाहेर जायचं नाही.

दुरुस्तीनंतरची चाचणी मी सर्वांत छोट्या सफाईवर घेतो. ओव्हन जागेवर बसवलेला, कपाटाची दारं नेहमीसारखी बंद, कारण उघड्यावर घेतलेल्या चाचणीत कोंडलेली हवा दिसतच नाही. पंखा कधी सुरू होतो ते ऐकायचं, दर पंधरा मिनिटांनी पॅनेलचं आणि बाजूच्या लाकडाचं तापमान मोजायचं, आणि ओव्हन थंड होताना कुलूप सुटेपर्यंत थांबायचं. पंखा सफाई संपल्यावरही बराच वेळ फिरत राहिला पाहिजे. ही चाचणी दिवाळीच्या किमान पंधरा दिवस आधी घेतली, तर एखादा भाग मागवावा लागला तरी फराळ अडत नाही.