काशाची वाटी

आमच्या घरात काशाची एकच वाटी होती, आईच्या माहेरची. तिच्यात कधी कुणी जेवलं नाही. तिचं काम तळपाय घासायचं.

१९७२च्या दुष्काळात बैलजोडी विकली आणि अण्णांची झोप गेली. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची अन् रात्री बाजेवर नुसती कूस बदलायची. सोसायटीचं कर्ज डोक्यावर. डोकं ठणकायचं, घास उतरायचा नाही. बोलायचे मात्र काहीच नाहीत.

"उष्णता चढलीया तुमच्या डोस्क्यात. पाय करा हिकडं," आई म्हणायची.

तूप कुठलं त्या साली! एरंडेलाचे चार थेंब तळव्यावर सोडून ती टाचेपासून बोटांपर्यंत वाटी गोल गोल फिरवायची. हळूहळू तळवे काळे पडत. "बघा, किती उष्णता निघाली!" ती काळी राप म्हणजे तेलात घासलेलं काशातलं तांबं-कथील, हे मी पुढं वाचलं. ते खरंच असणार. पण अण्णांचा धापावल्यासारखा श्वास संथ होताना आणि आवळलेला जबडा सुटताना मी डोळ्यांनी पाहिलाय. एक पाय होईस्तोवर ते बोलायलाही लागत.

एका रात्री म्हणाले, "सकाळी हिरीच्या काठावर उगाच हुबा ऱ्हायलो हुतो."

आईचा हात थांबला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "दुसरा पाय द्या."

पुढं पाऊस पडेपर्यंत तिनं एकही रात्र चुकवली नाही. अण्णांना झोप लागली, तरी वाटी फिरतच असायची.