बालाघाटचे सीताफळ आणि परदेशची पेठ

पैठणहून तेरपर्यंत नकाशावर सरळ रेषा ओढली, तर ती आजच्या बीड जिल्ह्यातून जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या दोन्ही पेठांची नोंद आहे. प्रतिष्ठान म्हणजे पैठण आणि तगर म्हणजे तेर. तगरचे जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून प्रतिष्ठानला दहा दिवसांत आणि तेथून भडोच बंदरास वीस दिवसांत पोहोचे. पुढे गलबतांतून ते पश्चिमेकडे जाई. कापड नासत नाही, म्हणून महिन्याचा प्रवास त्याला सोसत असे.

त्याच मुलखात आज परदेशी पाठविण्याजोगा जो माल आहे, त्याला चार दिवसही सोसत नाहीत. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून केज, धारूर, अंबाजोगाईकडे निघाले की बालाघाटच्या मुरमाड उतारांवर सीताफळाची झाडे दिसू लागतात. पाणी बेताचेच लागते आणि शेळ्या पाल्याला तोंड लावत नाहीत. म्हणून कोरडवाहू माळावरही हे झाड तग धरते. मुळात ते उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे. पोर्तुगीजांबरोबर भारतात आले असे मानले जाते. परदेशातून आलेल्या या फळाला २०१६ मध्ये ‘बीड सीताफळ’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाई येथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्रही आहे.

मानांकनाने नाव मिळाले; फळाचा स्वभाव मात्र बदलला नाही. तोडलेले फळ तीन-चार दिवसांत पिकते आणि पिकताच फुटू लागते. फार थंड ठेवावे तर साल काळवंडते. त्यामुळे डोंगरात वेचलेले फळ पाट्यांतून जवळच्या बाजारात येते आणि संध्याकाळपर्यंत मिळेल त्या भावाने विकावे लागते. घासाघीस करायला शेतकऱ्यापाशी वेळच नसतो. त्याची ही घाई खरेदीदारही ओळखून असतो.

यावर उपाय गर काढण्याचा आहे. बिया वेगळ्या करून काढलेला गर लगेच गोठवून शून्याखाली १८ अंशांवर ठेवला, तर तो अनेक महिने टिकतो. तापविल्यास मात्र कडू होतो, हवा लागल्यास तपकिरी पडतो. म्हणून आंब्याच्या रसाप्रमाणे तो डबाबंद करता येत नाही. शीतगृह आणि शीतवाहन यांची साखळी न्हावाशेवा बंदरापर्यंत अखंड हवी. आइस्क्रीम, बासुंदी, रबडी यांसाठी हा गर लागतो आणि आखाती देशांत, ब्रिटनमध्ये व अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय घरांना ही चव परकी नाही.

निर्यातीची कागदोपत्री वाट वाटते तितकी अवघड नाही. आयात-निर्यात क्रमांक, अपेडाची नोंदणी, अन्नसुरक्षेचा परवाना आणि मानांकनाचे नाव वापरायचे असल्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद, एवढी सिद्धता प्रथम करावी. अनोळखी ग्राहकाशी व्यवहार करताना बँकेमार्फत लेटर ऑफ क्रेडिट घ्यावे. उधारीवर माल देणे भाग पडल्यास निर्यात पतहमी महामंडळाचा विमा उतरवावा. नमुना एक आणि माल दुसरा, असे एकदा घडले तरी परदेशी ग्राहक परत येत नाही. अचौर्य हे व्रत आहेच. निर्यातीत ते भांडवलही ठरते.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. सीताफळाचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर. याच सुमारास, दसरा-दिवाळीच्या आगेमागे, जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुलांच्या शाळा सुटतात. गर काढण्याचे काम हातांचे आहे आणि ते फळाच्या जवळच करावे लागते. धारूर-केजच्या परिसरात असे कारखाने वाढले, तर सर्वांचे स्थलांतर थांबणार नाही. पण काही घरांना दिवाळीपर्यंत गावातच मजुरी मिळेल आणि काही मुले शाळेत राहतील.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली. रस्ते सुधारले, मानांकन हाती आहे. जिल्ह्यातील आडत पेढ्यांकडे भांडवल आहे आणि शेतकऱ्यांशी पिढ्यांची ओळख आहे. त्यातला थोडा भाग शीतगृहात गुंतविण्यास चार घराण्यांनी एकत्र येणे, ही आज या व्यापाराची पहिली गरज आहे.