पहिला बेस आणि अठरावा माणूस

फँटसी बेसबॉलमध्ये सगळ्यात सोपी यादी कुठली, असं कुणालाही विचारा. दहातले नऊ जण सांगतील, फर्स्ट बेसमनची. होमरन मोजायचे, मोठा आकडा वर, छोटा खाली, झालं काम. शॉर्टस्टॉपसाठी डोकं लावावं लागतं, पिचरच्या बाबतीत तर ज्योतिषीच बोलवावा लागतो, पण फर्स्ट बेस? त्यात काय एवढं? मी गेली चौदा वर्षं बारा जणांच्या एका लीगमध्ये खेळतोय (अर्धे देशी, अर्धे इथले गोरे) आणि दर मार्चमधले माझे दोन अख्खे वीकांत या 'सोप्या' यादीतच जातात.

ज्या मंडळींचा बेसबॉलशी संबंध 'मनीबॉल' सिनेमापुरताच आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅटरने चेंडू जमिनीवरून मारला की तो पहिल्या बेसकडे पळत सुटतो. शॉर्टस्टॉप वगैरे लोक चेंडू उचलून फर्स्ट बेसमनकडे फेकतात. त्याने एक पाय बेसला टेकवून, पळणारा पोचायच्या आत चेंडू पकडला की आउट. आपल्याकडे रनआउटच्या वेळी स्टंपपाशी थ्रो घ्यायला उभा असतो ना, तसाच. फक्त याचं दिवसभर तेच काम. फार पळावं लागत नाही, लांब फेकावं लागत नाही. बिल जेम्सने फील्डिंगच्या जागांची अवघड ते सोपी अशी जी रांग लावली, तिच्यात फर्स्ट बेस अगदी सोप्या टोकाला. त्यामुळे ज्यांची बॅट तळपते पण पाय जड आहेत, अशा आडदांड लोकांना टीम इथे आणून उभं करतात.

आणि फँटसी म्हणजे शुद्ध मराठीत उंटावरून शेळ्या हाकणं. खऱ्या खेळाडूंची खोटी टीम बांधायची, ते मैदानात जे करतील त्याचे आकडे आपल्या खात्यात. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या दोस्तांनी हा खेळ सुरू केला. ते न्यूयॉर्कच्या ज्या रेस्टॉरंटात जमायचे त्याच्या नावात 'रोटिसरी' होतं म्हणून हे रोटिसरी बेसबॉल, लाडात 'रोटो'. आमच्या लीगमध्ये बॅटिंगचे पाच कॉलम आहेत: रन, होमरन, आरबीआय (म्हणजे आपल्या फटक्यावर कितीजण घरी पोचले), चोरलेले बेस आणि ॲव्हरेज. प्रत्येक कॉलममध्ये बारा टीमचा नंबर लावायचा, पहिल्याला बारा गुण, शेवटच्याला एक. मार्च ते सप्टेंबर हाच उद्योग. 'यातला एक तरी माणूस तुला ओळखतो का रे?' असं बायको दरवर्षी विचारते. असो.

आता यादी. माणसाच्या आकड्यांवरून नुसती क्रमवारी लावली तर ती छान दिसते, पण ड्राफ्टमध्ये तिचा उपयोग शून्य. कारण प्रश्न 'हा किती चांगला?' असा नसतोच. प्रश्न असतो, 'हा मिळाला नाही तर माझ्या पदरात कोण पडेल?' आमच्याकडे बारा टीमना प्रत्येकी एक फर्स्ट बेसमन लागतो. शिवाय प्रत्येकाची एक 'कॉर्नर' जागा, तिथे फर्स्ट किंवा थर्ड बेसवाला कोणीही चालतो. म्हणजे साधारण अठरा फर्स्ट बेसमन खपतात. त्यापुढचे फुकट पडलेले असतात, मे महिन्यातसुद्धा उचलून आणा. मग किंमत मोजायची ती या अठराव्या माणसापासून. शून्यापासून मोजली की सगळेच बाहुबली वाटतात.

मी यादी करताना पहिल्यांदा तळापासून करतो. अठरावा कोण, ते आधी ठरवायचं. मोठा कंटाळवाणा उद्योग आहे. .२५० ॲव्हरेज, वीस-बावीस होमरन, कुठल्यातरी पडेल टीममध्ये पाचव्या नंबरवर बॅटिंग करणारा कोणीतरी. पण तो एकदा नक्की झाला की वरची नावं आपोआप हलायला लागतात.

उदाहरणादाखल २०२४ च्या ड्राफ्टची रात्र घ्या. समोर २०२३ चे आकडे. ब्रेव्ह्जचा मॅट ओल्सन, ५४ होमरन, १३९ आरबीआय. मेट्सचा पीट अलॉन्झो, ४६ आणि ११८. डॉजर्सचा फ्रेडी फ्रीमन, होमरन फक्त २९, आरबीआय १०२. होमरन बघून यादी लावणारा फ्रीमनला तिसरा टाकेल. पण फ्रीमनचं ॲव्हरेज .३३१, त्याने २११ हिट्स मारल्या होत्या, १३१ रन काढले होते आणि वर २३ बेस चोरले होते! फर्स्ट बेसवरचा सहा फूट पाच इंची माणूस २३ बेस चोरतो हे कॉर्नरच्या जागेसाठी फुकट मिळालेलं घबाड आहे, कारण अठराव्या माणसाची चोरी दोन-तीनच्या पुढे जात नाही. याआधी पॉल गोल्डश्मिटने २०१६ मध्ये ३२ बेस चोरले होते, तेव्हाही असंच झालं होतं.

अलॉन्झोचा घोळ उलटा. त्या वर्षी त्याचं ॲव्हरेज होतं .२१७. लोक म्हणतात, ठीक आहे रे, ४६ होमरन मिळतायत ना! पण हिशोब करून बघा. आमच्या प्रत्येक टीमचे चौदा बॅटर मिळून वर्षाला साधारण सात हजार ॲट-बॅट होतात. .२६० च्या टीममध्ये .२१७ वाल्याला साडेपाचशे ॲट-बॅट दिले तर टीमच्या चोवीसएक हिट्स गेल्या. टीमचं ॲव्हरेज .२६० वरून .२५७ च्या आत येतं. दिसायला काहीच नाही, पण टेबलाच्या मधल्या गर्दीत एवढ्यात एक-दोन नंबर जातात. अलॉन्झो घ्यायचाच नाही असं नाही. फक्त त्याच्या किमतीतून हे दोन गुण आधी वजा करायचे.

ओल्सनला मी दुसरा ठेवला होता आणि त्यावरून कमिशनरशी अर्धा तास वाद झाला. त्याचं म्हणणं, ५४ म्हणजे ५४. माझं म्हणणं, २०२२ मध्ये हाच माणूस ३४ होमरन आणि .२४० वर होता. यातला खरा ओल्सन कुठला? बहुतेक दोघांच्या मधला. व्लादिमिर गरेरो ज्युनियरचंही तेच. २०२१ मध्ये ४८ होमरन, मग ३२, मग २६. उतरती भाजणी सरळ दिसतेय, पण वय पंचवीस. पंचविसाव्या वर्षी कोणी म्हातारा होतो का? (त्या वर्षी त्याने .३२३ मारलं.) गोल्डश्मिटचं वय छत्तीस. २०२२ चा एमव्हीपी, .३१७ आणि ३५ होमरन. २०२३ मध्ये .२६८ आणि २५. इथे उतरण खरी होती. पण तो माझा जुना आवडता, माझ्या टीममध्ये पाच वर्षं होता. आपला तो बाब्या. त्याला सातवा लिहिला, मग अकरावा केला, मग शनिवारी रात्री पुन्हा नववा केला. शेवटी अकराव्यावर ठेवून फाइल बंद केली. २०२४ मध्ये तो .२४५ वर आला.

आणखी एक गंमत. माणूस तोच, बॅट तीच, पण खुर्ची बदलली की किंमत बदलते. २०१२ मध्ये टायगर्सनी प्रिन्स फील्डरला आणून फर्स्ट बेसवर उभं केलं आणि मिगेल कॅब्रेराला तिसऱ्या बेसवर सरकवलं. त्या वर्षी त्याने .३३०, ४४ होमरन, १३९ आरबीआय करून ट्रिपल क्राउन मिळवला. फर्स्ट बेसवर तो उत्तमच होता, पण थर्ड बेसचा अठरावा माणूस पार गाळात होता, त्यामुळे तिथे तो सोन्याचा झाला. कॅब्रेराने स्वतः काहीच वेगळं केलं नव्हतं.

'अठराव्या माणसा'ची या जागेवरची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट वॉली पिपची. यांकीजचा हा फर्स्ट बेसमन. १९१६ आणि १९१७ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकन लीगमध्ये सर्वांत जास्त होमरन त्याचे. २ जून १९२५ ला त्याला बसवून एका पोराला उतरवलं. डोकं दुखत होतं म्हणून त्याने सुट्टी घेतली अशी कथा सांगतात, ती बरीचशी रचलेली असावी. त्याचं बॅटिंगच त्या वर्षी आटलं होतं. पोराचं नाव लू गेरिग. तो मग १९३९ पर्यंत लागोपाठ २१३० सामने खेळला, आणि पिपला सीझन संपल्यावर सिनसिनाटीला विकून टाकलं.

आता यादीतली मला टोचणारी गोष्ट. फर्स्ट बेसमनचं मैदानावरचं खरं काम हे दुसऱ्यांचे वाईट थ्रो पकडणं आहे. शॉर्टस्टॉपने घाईत फेकलेला चेंडू पायापाशी टप्पा घेतो, हा वाकून तो मातीतून उपसतो, आउट. स्कोरकार्डवर शॉर्टस्टॉपची चूक लागत नाही, याच्या नावावरही विशेष काही लागत नाही. कीथ हर्नांडेझने १९७८ ते १९८८ अशी लागोपाठ अकरा वर्षं गोल्ड ग्लव्ह मिळवलं, पण सगळ्या कारकिर्दीत होमरन १६२. रोटोत तो माझ्या यादीत मध्यावर कुठेतरी पडला असता. त्याच्या बाजूला उभे असलेले इन्फिल्डर किती शांत झोपले असतील याला आमच्याकडे कॉलम नाही.

आणि त्याच मार्चमध्ये ऑफिसात माझ्यासमोर दुसरी यादी होती. नऊ जणांची टीम, वार्षिक रेटिंग, बेल कर्व्ह सक्तीचा. एकाला खालच्या खणात टाकायचंच. वरून सुचवलेलं नाव होतं आमची बिल्ड आणि रिलीज सांभाळणाऱ्या बाईंचं. वयाने माझ्याहून मोठ्या, बोलायला कमी, वर्षभरात नवीन फीचर शून्य. त्यांच्या नावावर लिहिण्यासारखं काही नाही, हे अगदी खरं होतं. शुक्रवारी संध्याकाळी पोरं घाईघाईत जे काही चेक-इन करतात ते सोमवारी कस्टमरकडे चालतं कसं, हा प्रश्न त्या फॉर्ममध्ये नव्हताच. आणि त्या वर्षी खालच्या खणाचा अर्थ काय होतो, ते खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मीटिंगमध्ये बेसबॉल वगैरे काही काढलं नाही, वेड्यात काढलं असतं. फक्त विचारलं, त्या गेल्या तर त्यांच्या जागी कोण? नाव सांगा. कोणाला सांगता येईना. पण कर्व्हला नाव लागतंच. मग ट्रेड झाला, दुसरा शब्द नाही त्याला. शेजारच्या मॅनेजरने खालचा खण स्वतःकडे घेतला, त्याच्याकडे एकजण तसाही सोडून चालला होता. बदल्यात मी माझा प्रमोशनचा एक स्लॉट त्याला दिला. तो स्लॉट एका पोरासाठी राखला होता. पोरगा हुशार, वर्षभर राबलेला. त्याला मीच समोर बसवून सांगितलं की अजून एक वर्ष. का, तेही सांगितलं. तो म्हणाला, 'ठीक आहे', आणि दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्याचा राग रास्त होता. तरी आज पुन्हा तीच मीटिंग झाली तर मी तोच ट्रेड करीन.

आमचा ड्राफ्ट त्यानंतरच्या शनिवारी होता. माझा नंबर नववा. ड्राफ्ट सापासारखा वळतो, पहिल्या फेरीत एक ते बारा, दुसरीत बारा ते एक. म्हणजे नववा घेतला की पुढचा थेट सोळावा. नवव्याला फ्रीमन घेतला. सोळाव्यापर्यंत ओल्सन उरला नाही, चौदाव्याला कमिशनरनेच उचलला.

फ्रीमनचं ते वर्ष आमच्या एक्सेलमध्ये जेमतेम दिसतं: .२८२, २२ होमरन, ८९ आरबीआय, ९ चोऱ्या. जुलैच्या शेवटी त्याचा लहान मुलगा खूप आजारी पडला, गियाँ-बारे सिंड्रोम, पोरगं व्हेंटिलेटरवर होतं. फ्रीमन आठ सामने खेळला नाही. माझ्या स्क्रीनवर त्याच्या नावापुढे नुसती एक खूण आली होती आणि खाली 'बदली खेळाडू निवडा' असं बटण. मी त्या आठवड्यात ती जागा रिकामी ठेवली. यात मोठेपणा काही नाही, अठरावा माणूस तेव्हा .२३० वर होता. सप्टेंबरअखेर त्याचा घोटा मुरगळला, आमचा सीझन संपला आणि मी पाचवा आलो.

२५ ऑक्टोबरला, शुक्रवारी, यांकीजविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना. दहावी इनिंग, दोन आउट, डॉजर्स २-३ ने मागे, तिन्ही बेस भरलेले. तसल्या घोट्यावर उभं राहून फ्रीमनने पहिलाच चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांत पाठवला. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात ग्रँड स्लॅमने सामना संपण्याची ती पहिलीच वेळ. पळून आल्यावर तो थेट पडद्यामागच्या जाळीपाशी गेला, तिथे त्याचे वडील उभे होते. आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. ऑक्टोबरचे आकडे आमच्या लीगमध्ये धरत नाहीत. तरी दोन मिनिटांत ग्रुपवर कमिशनरचा मेसेज आला, 'फ्रीमन कोणाकडे होता रे?'

'माझ्याकडे,' मी लिहिलं.