बरणीचे बूड पाहावे : नांदेड ते लातूर

मराठवाड्यातल्या जुन्या मुस्लिम घरात, स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, तीन वस्तू हमखास सापडतात : कल्हई गेलेली तांब्याची देग, कडा उडालेले तामचिनीचे तबक आणि चिनी मातीची बरणी. देगीला मोडीचा तरी भाव मिळतो. बरणीला भंगारवाला हातही लावत नाही, लावलाच तर म्हणतो, "ये तो साथ में दे दो." आणि आपण देऊन टाकतो.

या उन्हाळ्यात नांदेडच्या इतवारा भागात आमच्या नात्यातले एक घर रिकामे होत होते. मरहूम खालांची दोन मुले नांदेडला आणि एकुलती एक मुलगी लातूरला दिलेली. जागेचा आणि दागिन्यांचा हिशेब कागदावर झाला होता. भांडीकुंडी मात्र कुणी धरली नव्हती. आम्ही उभयता मदतीला गेलो, तेव्हा ढाळजेत गोण्या भरून तयार होत्या आणि भंगाराची गाडी दुपारी यायची होती.

खरे तर आई जे आपल्या माहेराहून आणते, ते तिचेच असते. तिच्या पश्चात दफनविधीचा खर्च, कर्ज आणि वसीयत बाजूला काढल्यावर जे उरते तो तिचा तरका, आणि त्यात सुईपासून शेतापर्यंत सारे येते. दोन मुलगे आणि एक मुलगी असेल, नवरा आणि आईवडील हयात नसतील, तर पाच हिस्से होतात : मुलांचे दोन-दोन, मुलीचा एक. समजा, सामानाची खरी किंमत दहा हजार असेल, तर मुलीचे दोन हजार. तेच सामान भंगारात पाचशेला गेले, तर तिच्या हाती शंभर. कुणी तिचा हक्क मारायचा ठरवलेला नसतो. किंमत कुणी विचारलेली नसते, एवढेच. म्हणून आम्ही मुलांना म्हटले, गाडी दोन दिवस थांबवा. त्यांनी थांबवली.

गोण्यांतून निघाले ते असे : हातभर उंचीची, वर तपकिरी, खाली पांढुरकी बरणी, तसल्याच दोन लहान सटी, निळ्या फुलांचा, झाकणाचा एक पांढरा डबा, ज्यात ईदच्या आधी भट्टीवरून भाजून आणलेली नानखटाई ठेवली जायची, आणि बिस्किटांचा एक चित्रांचा पत्र्याचा डबा, ज्यात आता सुया-दोरे होते. घरात सर्वांचे मत एकच : निळा डबा निजामाच्या काळचा आणि सर्वांत मोलाचा, बाकी सारी अडगळ.

आम्ही प्रत्येक वस्तू उलटी केली. जुन्या भांड्याचा जन्मदाखला त्याच्या बुडाशी असतो. निळ्या डब्याखाली इंग्रजीत 'मेड इन जपान' असा शिक्का होता. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. जपानी कारखाने तेव्हा 'निप्पॉन' लिहीत. १९२१ पासून त्याऐवजी 'जपान' लिहावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंत काही मालावर 'ऑक्युपाइड जपान' असेही येई. म्हणजे हा डबा बहुधा १९२१ नंतरचा. निजामाच्या काळातला असू शकतो, कारण नांदेड सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होते; पण शिक्का तेवढ्यावर साक्ष देत नाही. 'मेड इन इंडिया' वाचूनही स्वातंत्र्यानंतरचाच माल असे धरू नये. ते शब्द आधीही छापले जात.

मोठ्या बरणीला शिक्का नव्हता. ही दगडी चिनी माती, सुमारे बाराशे अंशांवर भाजलेली. म्हणून मीठ आणि आंबट तिला सहसा बाधत नाही. गुजरातेत थानगड-मोरबीकडे परशुराम गणपुले या मराठी गृहस्थांनी उभारलेला परशुराम पॉटरीचा कारखाना आणि उत्तर प्रदेशातले खुर्जा ही या कामाची नावाजलेली ठिकाणे. खुर्ज्यात तशाच दुरंगी बरण्या आजही होतात, म्हणून रंगावरून वय सांगता येत नाही. पाहायचे ते बुडाचे कडे. झिलई नसलेली ती कड वर्षानुवर्षे फरशीवर सरकून कमीअधिक झिजते. मुद्दाम जुनी केलेली वस्तू सगळीकडून सारखी मळकी असते आणि तो मळ साबणाने निघतो. मग बोटाने टिचकी मारावी : अखंड बरणी खणखणते, तडा गेलेली बद्द वाजते. तोंडाच्या काठावरून बोट फिरवावे, टवका डोळ्यांआधी बोटाला कळतो. शेवटी झाकण. दुसऱ्याच बरणीचे झाकण बसवलेले असेल तर किंमत उतरते. इतवाऱ्यातल्या बरणीला झाकण नव्हतेच, काठाखाली दादऱ्याच्या दोरीने पडलेली गुळगुळीत पट्टी मात्र होती.

या भांड्याचे आपल्या घरातले नाव मर्तबान. ते ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून पडले, ज्याला आज मोत्तमा म्हणतात. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्ने बतूता आपल्या प्रवासवर्णनात अशा मर्तबानांचा उल्लेख करतो : सागरप्रवासासाठी मीठ लावलेले आले, मिरी, लिंबू आणि आंबा भरलेले. सातशे वर्षांपूर्वी जहाजावर जे होते, तेच नांदेडच्या कोपऱ्यात निघाले, म्हणायला हरकत नाही.

यादी, मापे आणि फोटो घेऊन आम्ही लातूरला निघालो. बहिणीला विचारायचे होते आणि बाजारही पाहायचा होता. लोहा, खंडोबाच्या जत्रेचे माळेगाव, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. लातूरची गंजगोलाई आम्हाला नेहमीच आवडते. हैदराबाद संस्थानचे नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेली, १९१७ साली बांधलेली ही गोल इमारत. मधोमध अंबाबाईचे मंदिर आणि चहूबाजूंनी सोळा रस्ते. सोने एका रस्त्यावर, चपला दुसऱ्यावर, मिरची-गूळ तिसऱ्यावर. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली होती, तेव्हा बाहेरचा माल इथे उतरायला वाट होतीच.

गोलाईत आम्ही तीन दुकानांत फोटो दाखवले. पहिल्याने निळ्या डब्याला चांगला आकडा सांगितला. झाकणाला टवका आहे म्हटल्यावर तो निम्म्यावर आला. दुसऱ्याने बरणीकडे पाहून विचारले, "लोणचे घालता अजून?" तिसरे वयस्क चाचा पत्र्याच्या डब्यावर थांबले. झाकणावर 'हंटले अँड पामर्स' हे नाव होते, इंग्लंडच्या रीडिंग गावची प्रसिद्ध बिस्किट कंपनी. "चित्र घासू नका, गंज खरवडू नका," ते म्हणाले. "लोक चमकवून आणतात आणि अर्धी किंमत घरीच पुसून येतात."

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत या वेगळ्या असतात, हेही तिथेच पक्के झाले. तशीच वस्तू, तेवढीच, त्याच अवस्थेतली, खरोखर कितीला गेली ते विचारावे. एकाला नव्हे, तिघांना. एरवी भाव नावामुळेही फुगतो. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल हे बाजारात मिळणाऱ्या साध्या बिस्किटांच्या बरण्या जमवत. त्यांच्या मृत्यूनंतर १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्या बरण्यांचे सुमारे अडीच लाख डॉलर आले. बरण्या त्याच होत्या, मालक मोठा होता.

विकताना तडा दाखवूनच विकावा. ऐब लपवलेल्या मालाच्या पैशात बरकत कुठली? आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकुसरीची वस्तू असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार तिच्या व्यापाऱ्याकडे परवाना हवा. परदेशी पाठवणे खाजगी माणसाला बंद आहे. वापरायची असेल तर आतून पाहावे. आतली झिलई जाळीसारखी तडकली असेल, किंवा रंगीत भांड्याबद्दल काही माहिती नसेल, तर त्यात लोणचे-मुरंबा घालू नये. जुन्या काही झिलयांत शिसे असते आणि आंबटाने ते उतरते. तेथे कोरडे सामानच बरे.

बहिणीच्या घरी आम्ही तिन्ही दुकानांचे आकडे समोर ठेवले आणि फोनवर दोन्ही भावांना ऐकवले. प्रत्येक वस्तूची मधली किंमत धरायची असे ठरले. पत्र्याचा डबा आणि निळा डबा विकून पैसे पाच हिश्शांत वाटायचे. मोठ्या बरणीला तिन्ही दुकानांत सर्वांत कमी भाव होता. बहिणीने तीच मागितली, आणि तिची किंमत आपल्या हिश्शातून वळती करा असे स्वतःच सांगितले. थोरला भाऊ म्हणाला, "बरणीचे काय पैसे धरतेस? अशीच घे." ती म्हणाली, "हिशेबात घेतली की ती माझी. अशीच घेतली तर तुमची मेहेरबानी."

दुसऱ्या आठवड्यात बरणी गोणपाटात गुंडाळून एसटीने लातूरला गेली. यंदा कैरी उशिरा आली होती, त्यामुळे ती रिकामी राहिली नाही.

भगिनींनो, घर आवरायला काढाल तेव्हा गोणी बांधण्याआधी प्रत्येक भांडे एकदा उलटे करा, बूड वाचा, टिचकी मारा आणि यादीत लिहा. ज्याची नोंद होते, त्याचाच हिस्सा होतो.