बनगरवाडीचा मास्तर आणि नंतरचे कादंबरीकार

‘बनगरवाडी’ ही व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ साली आली. पाने दीडशेच्या आत आणि कथानक चार ओळींत सांगून संपणारे. राजाराम सौंदणीकर नावाचा कोवळ्या वयाचा मास्तर औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर शाळा चालवायला येतो. वाडी आधी त्याला दाद देत नाही, मग आपला मानते. तालीम उभी राहते. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात आणि माणसे जगायला बाहेर पडतात. खलनायक नाही, रंगलेली प्रेमकथा नाही. तरी खेड्यावर लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकाला आजही या पुस्तकावरून पुढे जावे लागते. त्याचे कारण विषयापेक्षा बांधणीत सापडते.

ही कादंबरी मास्तराच्या कामांवर चालते आणि मुलांना शिकवणे हे त्यातले लहानसे काम आहे. पोरे मेंढरांमागे रानात असतात, तेव्हा शाळेत बसणार कोण? वाडीला मास्तर हवा असतो तो कागद वाचून दाखवायला, पत्र लिहून द्यायला, बाजाराहून येताना चार जिन्नस आणायला, साठवलेले जुने रुपये बदलून आणायला आणि कुणाचे भांडण लागले तर मधे बसायला. प्रत्येक कामाच्या निमित्ताने एक घर उघडते. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी ही माणसे ओळीने उभी करून त्यांची वर्णने दिलेली नाहीत. ती कशासाठी तरी मास्तराकडे येतात आणि येता येता कळत जातात. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या संग्रहात माडगूळकरांचा हात व्यक्तिचित्रांवर बसलेला होताच, पण व्यक्तिचित्रे एकापुढे एक ठेवल्याने कादंबरी होत नाही. इथे त्यांना जोडणारा धागा म्हणजे मास्तराची ये-जा. हा धागा इतका साधा आहे की वाचताना तो जाणवतही नाही.

शेकूचा प्रसंग वाचकांच्या सर्वांत जास्त लक्षात राहतो. पेरणीचे दिवस हातचे चालले आहेत, बैल एकच आहे आणि दुसरा मिळत नाही. तेव्हा जुवाच्या मोकळ्या बाजूला शेकूची बायको उभी राहते. एखाद्या हौशी लेखकाने इथे दोन पाने तरी गहिवर घातला असता. माडगूळकर मास्तराला जे दिसते तेवढे सांगतात आणि पुढच्या कामाला लागतात. तिच्या सोसण्यावर भाष्य नाही, व्यवस्थेवर ताशेरे नाहीत. वाडीच्या लेखी ही अडचणीच्या वेळी करायची गोष्ट आहे. वाडीला ती जेवढी वाटते तेवढ्याच आवाजात ती सांगितलेली असल्यामुळे वाचकाला जास्त लागते. लेखनाच्या शिबिरांतून ‘संयम’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. तो नेमका कुठे पाळायचा, हे या प्रसंगावरून दाखवता येते.

निवेदन प्रथमपुरुषी आहे. मास्तर शिकलेला, पण त्याच मुलखातला. धनगरांत तो परका, मात्र ऊन, माळ आणि पाण्याची टंचाई त्याला परकी नाही. या मधल्या जागेमुळे भाषेचा प्रश्नही सुटतो. निवेदन साध्या प्रमाण मराठीत चालते आणि बोलीला संवादांत मोकळी वाट मिळते. माडगूळकर चित्रेही काढत, हातात कागद घेऊन रानात हिंडत. थोड्या रेषांत प्राणी किंवा माणूस उभा करण्याची सवय त्यांच्या वाक्यांतही दिसते. विशेषणे कमी, क्रियापदे नेमकी.

पुढच्या ग्रामीण कादंबरीने यातले काय घेतले आणि काय सोडले, हे पाहण्यासारखे आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) बाहेरून येणारा मास्तर नाही. वऱ्हाडातल्या कौतिकच्या घरातच कादंबरी घडते. आनंद यादवांनी ‘गोतावळा’त (१९७१) त्याहून मोठे धाडस केले. तिथे नारबा हा मळ्यावरचा गडीच सगळी कहाणी स्वतःच्या बोलीत सांगतो. सांगणारा आणि भोगणारा यांच्यातले अंतर यादवांनी मिटवून टाकले. हा ‘बनगरवाडी’ला दिलेला विरोधी जबाब म्हणता येईल आणि थोर पुस्तकाकडून प्रेरणा घेण्याची ही रीत अनुकरणापेक्षा कितीतरी सकस आहे. त्या मानाने नंतर आलेल्या पुष्कळ कथा-कादंबऱ्यांनी दुष्काळ, बोली आणि कारभाऱ्यासारखा म्हातारा एवढेच उचलले. कामांवर चालणारी बांधणी त्यांच्या नजरेतून निसटली. परिणामी गाव दिसते, पण त्यात कुणाला काही करायचे नसते.

मास्तराच्या नजरेला मर्यादाही आहेत. वाडीतली अंजी कादंबरीत येते ती मास्तर आणि वाडी तिच्याकडे पाहतात तेवढीच. तिच्या मनात काय चालले आहे तिथवर मास्तर पोचत नाही आणि लेखकही त्याला ओलांडून पुढे जात नाही. शेकूची बायको तर शेकूची बायको म्हणूनच राहते. आजच्या वाचकाला हे खटकते आणि खटकायलाही हवे. मात्र निवेदकाला जे ठाऊक असणे शक्य नाही ते त्याच्या तोंडी न घालण्याचा प्रामाणिकपणाही त्यातच आहे. त्या बायकांच्या बाजूने हीच वाडी लिहिणे, हे कुणालाही हाती घेण्याजोगे काम आहे.

मराठीबाहेर ही कादंबरी लवकर गेली. राम देशमुख यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५८ साली निघाले. अमोल पालेकरांनी १९९५ साली तिच्यावर चित्रपट केला. मास्तराची भूमिका नाट्यदिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी यांनी केली आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला. चित्रपटाला एक अडचण येतेच. पुस्तकात मास्तर निवडून सांगतो, तर कॅमेऱ्याला चौकटीत येईल ते सगळे दाखवावे लागते. मोकळ्या माळाचा पसारा मात्र पडद्यावर जास्त चांगला कळतो.

वाचकांत शिक्षकांची संख्या मोठी असते. एकशिक्षकी शाळेवर नेमणूक झालेल्याला ही कादंबरी आपलीच वाटते, कारण जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत कामे करून उरलेल्या वेळात शिकवणे त्याच्याही वाट्याला आलेले असते. कादंबरीतला माणदेश पाहायला जाणाऱ्या वाचकाला मात्र पुस्तकातला उघडा माळ सगळीकडे सापडत नाही. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आटपाडी भागात पोचले आहे आणि डाळिंबाच्या बागांनी बरेच रान व्यापले आहे. मेंढरे घेऊन हिंडणारे धनगर अजून आहेत, पण चराईच्या जागा आखडल्या आहेत. त्या भागातल्या नव्या कादंबरीकाराला आता बागाईतदार, फवारणीचे कर्ज, बाजारभाव आणि आखडलेले कुरण यांची गाठ मारायची आहे. मास्तराची जागा त्याने कुणाला द्यावी हा प्रश्न उरतोच. दारोदार जाणारी आशाताई, बँकेचा वसुली अधिकारी किंवा डाळिंबाचा व्यापारी, यांपैकी कुणाच्याही कामाच्या निमित्ताने आज गावातली घरे उघडू शकतात.