काळा व्हिडिओ

इगतपुरी, ८ जून

चि. सुमी,


तुझा बोगद्यातला व्हिडिओ पाहिला. पाहिला म्हणजे काय, पाऊण मिनिट नुसता काळाकुट्ट पडदा. पाणी ठिबकतंय, तुझे बूट चिखलात चपचप करताहेत. मामी म्हणाली, फोन बिघडला. मी म्हटलं, पोरगी शहाणी आहे, दिवा लावला नाही तिनं. तेवढ्यात मागून कुणाचा तरी फ्लॅश! इथे खुर्चीत बसल्या बसल्या मी शिवी हासडली.

आता तुझा प्रश्न. छताला चमकत होते ते आपल्या भंडारदऱ्याच्या काजव्यांसारखेच का? नाही गं बाई! एवढी माझ्याबरोबर घाटघरच्या रस्त्यानं हिंडलीस, ते फुकटच गेलं म्हणायचं. काजवा भुंगेऱ्यांच्या कुळातला, तो चमकतो जोडीदार मिळवायला. तुझ्या डोक्यावर होत्या त्या एका माशीच्या अळ्या. अरॅक्नोकॅम्पा म्हणतात, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड सोडून कुठे सापडत नाही. ती बया चमकते पोटासाठी. छतावरून रेशमाचे धागे सोडते, त्यांवर चिकट थेंब ओवते, पोत ओवल्यासारखे. उजेडाला भुलून चिलट आलं की अडकलं. जितकी भूक जास्त, तितका दिवा लख्ख. तू आकाशगंगा म्हणालीस ना, ती अशी उपाशी पोटं होती. पुढे माशी झाल्यावर खाणंच बंद. चार दिवसांत जोडी, अंडी, खेळ खलास. वाऱ्यानं धागे गुंततात, कोरड्या हवेत वाळतात, म्हणून त्यांना असा वळणाचा, ओलसर बोगदा मानवला. टॉर्च मारला की अळी दिवा मालवते. दिवा मालवला की तेवढा वेळ जेवण नाही. त्या फ्लॅशवाल्याला हे कोण सांगणार!

आणि बोगद्याबद्दल तू लिहितेस काय, तर "जुना रेल्वेचा आहे". रेल्वेवाल्याच्या भाचीनं एवढंच लिहावं? तुमच्या ऑस्ट्रेलियातल्या वॉल्गन व्हॅलीची लाइन ती, १९०७ ची. न्यून्सला तेल सुटणारा खडक होता, त्यापायी कंपनीनं पन्नासेक किलोमीटर रूळ टाकले. चढ किती, तर २५ ला १! आपल्या कसारा घाटात ३७ ला १, तरी मागून ढकलणारं बँकर इंजिन लावल्याशिवाय आम्ही गाडी वर चढवत नव्हतो. त्यांनी 'शे' नावाची गिअरवाली इंजिनं आणली. १९३२ मध्ये लाइन बंद पडली, मग रूळही उपटून नेले. राहिला तो हा चारशे मीटरचा बोगदा. तेलापायी डोंगर फोडला, कंपनीचा दिवा विझला, आणि अळ्यांनी आपला बिनतेलाचा लावला.

मी इतकी वर्षं काय सांगत आलो? पाणी राखतो तसा अंधार राखावा लागतो. अंगणातला बल्ब काढला तेव्हा तुझी आई आठ दिवस बोलत नव्हती माझ्याशी. मेअखेरीला येऊन बघ एकदा भंडारदऱ्याला. गाड्यांची रांग, हिरड्या-सादड्यांवर हेडलाइट, पोरांच्या हातात काजव्यांच्या बाटल्या. यंदा एकानं मला विचारलं, "काका, शो किती वाजता संपतो?" अरे, नराची खूण मादीला दिसायलाच अंधार लागतो, तू तिथे तुझा सूर्य घेऊन कशाला आलास? इथे कॉलनीत तरी काय वेगळं आहे? नवे पांढरे दिवे बसवलेत. रात्री दोनला कोंबडा आरवतो, आणि सायकली चोरीला जायच्या त्या जातातच.

असो. फार झालं. तुझ्या मेसेजची शेवटची ओळ मी चार वेळा वाचली. "सगळे पुढे गेले, मी अर्धा तास एकटीच उभी होते. कुणी काही विचारलं नाही. बरं वाटलं." हे अळ्यांचं पुराण बहुतेक ती ओळ टाळायलाच लावलं मी. सुमी, रेल्वेच्या गँगमध्ये पहिल्या दिवशी आम्हाला शिकवायचे, बोगद्यात एकट्यानं थांबायचं नाही. थांबलासच तर भिंतीतल्या कोनाड्यात, आणि बाहेरच्याला सांगून. तिथे गाडी येणार नाही, कळतं मला. पण निसरडे दगड, पायाखाली ओहळ, फोनला रेंज नाही. तू मागे राहिलीस हे बरोबरच्यांना ठाऊक तरी होतं का? आणि कुणी काही विचारलं नाही याचं बरं वाटावं, इतकं तिथे कोण काय विचारतंय तुला? नोकरीचं काही आहे? की दिवाळीत ओट्याशी अर्धवट बोललीस, ते? जावईबापूंना मी विचारणार नाही. तूच सांग.

रविवारी माझ्या पहाटे साडेपाचला, म्हणजे तुझ्या दहाला, फोन करतो. मामी तेव्हा झोपलेली असते. उचल.

तुझा
मामा

ता. क. – ताईला यातलं काही बोललो नाही. व्हिडिओ तेवढा दाखवला. म्हणाली, यात सुमी कुठाय?