बांधावरची झाडे
शिष्यवृत्तीच्या सरावासाठी आमच्या शाळेत विकतची प्रश्नपत्रिका आणली. पाचवीची 40 मुले बसली. संध्याकाळी मी सारी उत्तरे संगणकावर एक्सेलच्या तक्त्यात भरली. बरोबरला 1, चुकीला 0. बरोबर लिहिणाऱ्यांना एकूण मुलांनी भागले, की प्रश्न किती अवघड ते कळते. आकडा जितका लहान, तितका प्रश्न कठीण.

एका प्रश्नाचा आकडा आला 0.30. अवघड असेल, दुसरे काय! पण सूत्र दिले की तोच तक्ता गुणांत वरची 27 टक्के आणि खालची 27 टक्के मुले वेगळी काढून दाखवतो. वरच्या 11 मुलांत उत्तरसूचीप्रमाणे बरोबर होता फक्त एक, खालच्या 11 मध्ये सहा! हे काय उलटेच?

प्रश्न असा होता: 100 फूट बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दर 10 फुटांवर एक झाड लावले, तर झाडे किती? छापील उत्तर 10. आता तुम्हीच सांगा मंडळी, खड्डे घेताना शेवटचा खड्डा कोण सोडतो? पोरांनी सरळ 11 लिहिले होते. प्रश्न सोपाच होता, चुकली होती उत्तरसूची.

मी सगळ्यांचे गुण पुन्हा लावले. एक मुलगी त्या एका गुणाने पहिली आली. तिने मात्र तोवर वहीतले 11 खोडून 10 करून ठेवले होते.